सीबी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन: जुन्या एमजीबीवर पहिल्यांदा हात टाकणाऱ्यांसाठी

सांगलीत आमच्याकडे पेट्रोलची अँबॅसिडर होती. पावसाळ्यात ती सकाळी रुसली की बाबा बोनेट उघडायचे, डेल्कोचं (म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, प्रत्येक प्लगला आळीपाळीने ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचं) काळं झाकण काढून आतून बनियनच्या चिंधीने पुसायचे, पॉलिश पेपरचा कपटा सीबी पॉइंटच्या फटीतून दोनदा ओढायचे आणि आईला ओरडून सांगायचे, “मार सेल्फ!” टॉर्च धरायचं काम माझं.

आता मी इंग्लंडात राहते आणि माझ्या गॅरेजमध्ये १९७० ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उभी आहे. अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्रीचा भारतीय अवतार. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी-सीरीज घराण्यातली. त्यामुळे एमजीबीचं झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तेच पॉइंट, तोच कंडेन्सर, तोच रोटर (झाकणाखाली फिरून ठिणगी वाटणारा तुकडा). ते पॉइंट मी तीन वर्षं घासले, मग काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं. बसवताना जे चुकलं त्यातलं बरंचसं टाळता आलं असतं. इथे मुख्यतः एमजीबीचंच सांगते, पण मिनी, मॉरिस मायनर, ट्रायम्फ अशा लुकास कंपनीचा डिस्ट्रिब्युटर असलेल्या बहुतेक गाड्यांना क्रम हाच.

किट नेमकं काय बदलतं

पॉइंट म्हणजे एक स्विच. तो मिटलेला असताना कॉइलमध्ये करंट साठतो, उघडला की कॉइल उच्च दाबाचा झटका देते आणि प्लगवर ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला फिरताना हा स्विच सेकंदाला १०० वेळा उघडमीट करतो. त्याची फायबरची टाच कॅमवर घासत असते. टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं. शिवाय तोंडं जळून त्यांवर खड्डे पडतात ते वेगळंच. म्हणून दर थोड्या हजार मैलांनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन वाकावं लागतं.

किटमध्ये पॉइंटच्या जागी एक छोटं मोड्यूल येतं आणि रोटरच्या खाली चुंबकांचं एक कडं. चुंबक समोरून गेलं की मोड्यूल कॉइलचा करंट तोडतं. घासणारं काही नाही, म्हणून झिजणारंही काही नाही. (लुमेनिशन कंपनीच्या जुन्या प्रकारात चुंबकाऐवजी प्रकाशकिरण कापला जातो, तत्त्व तेच.)

बदल एवढाच. कॉइल तीच, रोटर तोच, झाकण तेच, टायमिंग पुढेमागे करणाऱ्या स्प्रिंगा त्याच. “किट लावल्यावर गाडी उडायला लागली” असं कोणी सांगितलं तर समजावं की त्याचे आधीचे पॉइंट फारच वाईट होते. नीट लावलेले पॉइंट आणि नीट लावलेलं किट यांत रस्त्यावर फारसा फरक कळत नाही. फरक कळतो तो दोन वर्षांनी, जेव्हा तुम्ही एकदाही बोनेटखाली वाकलेले नसता.

आणखी एक हिशोब आधीच करून ठेवा. पॉइंट मरतात ते कुरकुरत. गाडी मिस मारते, पिकअप जातो, पण घरापर्यंत आणते. मोड्यूल गेलं की गाडी जागच्या जागी बंद. यावर उपाय आहे, तो शेवटी सांगते.

खरेदीआधी तीन गोष्टी बघा

पहिली: डिस्ट्रिब्युटर कोणता आहे. एमजीबीचा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या उजव्या अंगाला, जरा खालीच आहे. बाहेरून चिंधीने पुसा, धातूच्या अंगावर शिक्का दिसेल: मॉडेल, पाच आकडी नंबर आणि बनावटीचा आठवडा-वर्ष. सुरुवातीच्या एमजीबींवर २५डी४ असतो, साधारण १९७४ पासून ४५डी४. दोघांची किटं वेगळी. गाडी पन्नास वर्षांत किती हातांतून गेली असेल सांगता येत नाही, तेव्हा गाडीचं साल बघून किट मागवू नका, शिक्का वाचून मागवा. भारतात ज्यांच्याकडे जुनी अँबॅसिडर किंवा स्टँडर्ड हेराल्ड आहे त्यांनी तर हे वाक्य दोनदा वाचावं.

दुसरी: अर्थिंग कोणतं. १९६७ पर्यंतच्या एमजीबींमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं, त्यानंतर निगेटिव्ह. मॉरिस मायनर तर १९७१ मध्ये बंद होईपर्यंत पॉझिटिव्हवरच राहिली. इथेही सालावर जाऊ नका, कारण अनेकांनी नंतर उलटापालट करून घेतली आहे. माझ्या गाडीत सीटांच्या मागे, फळीखाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसतात. फळी उघडून कोणती जाड वायर बॉडीला बोल्टने बांधली आहे ते डोळ्यांनी पाहिलं. पॉझिटिव्ह अर्थिंगची किटं वेगळी मिळतात. चुकीचं किट जोडलं तर ते क्षणात जळतं, आणि दुकानदार ते परत घेत नाही.

तिसरी: कॉइल. दोन्ही वायरी सोडवून कॉइलच्या दोन बारक्या टोकांमधला रोध मल्टिमीटरवर मोजा. ३ ओहमच्या आसपास आला तर साधी १२ व्होल्टची कॉइल. नेहमीची किटं हिच्याबरोबर सुखाने चालतात. दीडच्या आसपास आला तर बॅलास्टची, म्हणजे जादा रोधाबरोबर कमी व्होल्टेजवर चालणारी कॉइल. १९७४-७५ नंतरच्या एमजीबींमध्ये वायरिंगच्या आत रोधाची तार लपवलेली असते, ती कॉइलला कमी व्होल्टेज देते. खात्री करायची तर वायरी परत लावा, इग्निशन चालू करा आणि कॉइलच्या पॉझिटिव्हवर व्होल्टेज बघा. बॅटरीइतकं आलं तर बॅलास्ट नाही, सहा ते नऊच्या मध्ये आलं तर आहे. हे मोजताना पॉइंट मिटलेले हवेत. उघडे असले तर करंटच वाहत नाही आणि दोन्ही प्रकारांत १२ च दिसतं. मोजून झालं की लगेच इग्निशन बंद करा. बॅलास्टच्या गाडीत किटची लाल वायर कॉइलवर नको, बॅलास्टच्या आधीच्या पूर्ण १२ व्होल्टवर हवी.

किट तीस-चाळीस पौंडांपासून शंभराच्या वरपर्यंत मिळतं. १२३ इग्निशनसारखा अख्खा नवा डिस्ट्रिब्युटर घेतला तर खर्च काही पट होतो, पण स्पिंडल (रोटर फिरवणारा मधला दांडा) आणि स्प्रिंगाही नव्या मिळतात. खालची तपासणी केल्यावर कोणता पर्याय घ्यायचा ते आपोआप ठरेल.

आधी जुनं नीट करा

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती. किट बसवलं, गाडी छान सुरू झाली, वीस मिनिटं चालली आणि गरम झाल्यावर फटफटायला लागली. मी किटला शिव्या घातल्या, पॉइंट परत बसवले, तरी तेच! दोष रोटरचा होता. नवाच होता तो, पण पितळी पट्टी ज्या रिव्हेटने बसवलेली होती तिथून गरम झाल्यावर ठिणगी खाली स्पिंडलमध्ये उतरत होती. आता मी रिव्हेट नसलेला लाल रोटर वापरते.

तेव्हा झाकण काढा आणि क्रमाने बघा.

झाकणाच्या आत केसासारख्या काळ्या रेघा दिसल्या तर त्या तडा आहेत किंवा ठिणगीची वाट, झाकण बदला. मधली कार्बनची कांडी बोटाने दाबा, स्प्रिंगवर आतबाहेर झाली पाहिजे.

स्पिंडलचं डोकं धरून आडवं हलवा. किंचित हालचाल चालते, पण ‘टक’ असा आवाज आला तर बुश गेलं. चुंबकाचं किट पॉइंटपेक्षा ही ढिलाई जास्त सहन करतं हे खरं, पण फारच ढिलं असेल तर कडं मोड्यूलला घासेल.

रोटर हाताने घड्याळाच्या उलट दिशेला पिळून सोडा. थोडा फिरून स्प्रिंगने परत आला तर आतली, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनं मोकळी आहेत. अडकला तर खाली गंज किंवा सुकलेलं ग्रीस आहे, आणि टायमिंग वेगाबरोबर पुढे जातच नसणार. जगातलं कुठलंही मोड्यूल हे दुरुस्त करत नाही.

व्हॅक्यूमची (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारी) नळी कार्ब्युरेटरच्या बाजूने सोडवून तोंडाने ओढा. पॉइंटची पाटी फिरताना दिसली पाहिजे, आणि नळीच्या तोंडावर जीभ ठेवली की तशीच थांबली पाहिजे. हळूहळू परत आली तर व्हॅक्यूमच्या डब्यातला पडदा फाटला आहे. (पेट्रोलची चव दिवसभर जात नाही. चहा आधीच पिऊन घ्या.)

शेवटी ती इवलीशी अर्थिंगची वायर. पॉइंटच्या पाटीपासून डिस्ट्रिब्युटरच्या अंगापर्यंत कापडी वेष्टणाची एक छोटी वायर जाते. पाटी सारखी हलते म्हणून ती आतून तुटते, वरून मात्र धडधाकट दिसते. मल्टिमीटर लावून, वायर हलवत हलवत तपासा.

प्लगच्या वायरी आतून तांब्याच्या असतील तर त्या काढून रोध असलेल्या घ्या. तांब्याच्या वायरींतून निघणारा विद्युत गोंगाट मोड्यूलला गोंधळवतो. रोधाचे प्लग घेतले तर आणखी बरं. मी एनजीकेचे बीपीआर६ईएस वापरते, फट ०.०२५ इंच.

आणि एवढं सगळं झाल्यावर पॉइंट एकदा ०.०१५ इंचावर नीट लावून गाडी चालवून बघा. तशी ती व्यवस्थित चालली तरच किटच्या डब्याला हात लावा. नाहीतर उद्या काही बिघडलं तर दोष जुना की नवा, हे कळायला मार्ग उरत नाही.

बसवणं

बॅटरीची वायर सोडवा. हत्यारं इंची एएफ (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर) मापाची घ्या. मेट्रिक पाना जवळजवळ बसतो, आणि तेवढ्यानेच नटाचे कोपरे मारतो.

गाडी सपाट जागेवर चौथ्या गियरमध्ये टाकून हळूहळू ढकला, किंवा प्लग काढून क्रँक पुलीच्या नटाने इंजिन फिरवा. पुलीवरची खाच टायमिंगच्या खुणांपाशी आणा आणि रोटर एक नंबरच्या प्लगच्या वायरीकडे तोंड करून आहे ना ते बघा. एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरकडचा. रोटर उलट दिशेला असेल तर इंजिन आणखी एक पूर्ण फेरी फिरवा. त्या खाचेत पांढरा रंग भरा. मी मुलीचं व्हाइटनर वापरलं. डिस्ट्रिब्युटरच्या अंगाच्या आणि इंजिनाच्या सांध्यावर एक बारीक रेघ ओढा आणि मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला करायची अजून गरज नाही.

रोटर उपटा. पॉइंट आणि कंडेन्सरचे स्क्रू सोडवा. इथे थांबा. हे स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढे आहेत आणि पाटीला भोकं आहेत. माझा एक स्क्रू हातातून सुटला, पाटीवर टण्‌कन आपटला आणि भोकातून खाली वजनांमध्ये गेला. तसाच सोडून गाडी सुरू केली असती तर आतलं सगळं जाम झालं असतं. शेवटी अख्खा डिस्ट्रिब्युटर काढून, उलटा करून, खुळखुळ्यासारखा हलवून तो बाहेर काढला. दहा मिनिटांच्या कामाला संध्याकाळ गेली. तेव्हा भोकांत आधी चिंधी कोंबा आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक चुंबकावर घासून घ्या.

पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटरच्या भिंतीतलं, वायर ज्यातून आत येते ते प्लास्टिक, सगळं काढून एका डबीत ठेवा. फेकू नका.

आता मोड्यूल त्याच जागी, त्याच भोकांत बसतं. खालची पाटी आधी स्वच्छ पुसा, कारण काही मोड्यूलची उष्णता आणि अर्थिंग दोन्ही तिच्यातूनच जातं. दोन्ही वायरी रबरी बुचासकट भिंतीच्या खाचेतून बाहेर काढा. आत थोडा ढिलेपणा ठेवा, कारण व्हॅक्यूमने पाटी फिरते तेव्हा वायरी ताणल्या जाऊ नयेत. पण इतकाही नको की त्या फिरणाऱ्या कड्याला लागतील.

चुंबकाचं कडं कॅमच्या चार कोपऱ्यांवर बसतं. हलकेच फिरवत ठेवा, कोपरे जुळले की ते घसरून खाली जातं. मग बोटांनी नीट दाबा. त्यावर रोटर. रोटर पूर्ण खाली गेला नाही तर त्याचं टोक झाकणाला आतून आपटतं, आणि पहिल्याच सेल्फला झाकण फुटतं. जुन्या फोटोतली रोटरची उंची आणि आताची ताडून बघा. किटबरोबर प्लास्टिकची पट्टी आली असेल तर ती कडं आणि मोड्यूलच्या मध्ये धरून अंतर लावा. लोखंडी फिलर गेज इथे वापरू नका, चुंबक ते ओढून घेतं आणि माप खोटं येतं.

वायरी

लुकासच्या वायरिंगचे रंग एकदा कळले की पुढे सोपं जातं. निगेटिव्ह अर्थिंगच्या गाडीत कॉइलच्या पॉझिटिव्हवर पांढरी वायर येते, ती इग्निशन स्विचमधून. निगेटिव्हवरून पांढरी-काळी वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते. ही पांढरी-काळी आता बिनकामाची. तोडू नका, टोकाला टेप गुंडाळून बाजूला बांधून ठेवा.

मोड्यूलची लाल वायर कॉइलच्या पॉझिटिव्हवर, काळी निगेटिव्हवर. कॉइलवर + आणि − ऐवजी एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असेल तर ती पॉझिटिव्ह अर्थिंगच्या काळातली कॉइल, निगेटिव्ह अर्थिंगच्या गाडीत सीबी स्विचकडे आणि एसडब्ल्यू डिस्ट्रिब्युटरकडे. जोडायच्या आधी लाल-काळ्याची अदलाबदल झाली नाही ना, हे दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. मी नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याला गाडीतलं काही कळत नाही, पण वाचताना माझीच चूक मला ऐकू आली.

जुन्या स्मिथ्स आरपीएम मीटरमध्ये कॉइलकडे जाणारी पांढरी वायर मीटरमधून वेढा घेऊन जाते. अशा गाडीत किट लावल्यावर काटा नाचायला लागला तर मोड्यूलची लाल वायर कॉइलवरून काढून दुसऱ्या एखाद्या इग्निशनच्या १२ व्होल्टवर द्या, म्हणजे मोड्यूलचा करंट त्या वेढ्यातून जात नाही.

पहिला सेल्फ आणि टायमिंग

बॅटरी जोडा, चोक ओढा, सेल्फ मारा. क्लॅम्प हलवला नसेल तर गाडी बहुतेक वेळा सुरू होतेच, फक्त जरा खडबडत. नाही झाली तर सेल्फ मारत बसू नका. एक प्लग काढून त्याच्या वायरीत अडकवा, इंजिनाच्या लोखंडाला टेकवा (पेट्रोलपासून आणि उघड्या प्लगच्या भोकापासून लांब) आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी दिसली तर प्रश्न टायमिंगचा किंवा प्लग वायरींच्या क्रमाचा. क्रम १-३-४-२, झाकणावर घड्याळाच्या उलट दिशेने. ठिणगी नाही तर कॉइलच्या पॉझिटिव्हवर १२ व्होल्ट येतात का, मग पाटीचं अर्थिंग, मग कड्याचं अंतर. या तिन्हींत दोष नसेल तरच मोड्यूलवर संशय.

एक पथ्य: इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवून गाणी ऐकू नका. काही मोड्यूलमधून तेव्हा सतत करंट वाहतो आणि मोड्यूल किंवा कॉइल भाजून निघते.

टायमिंग पुन्हा लावावंच लागतं. चुंबकाचा कोन आणि पॉइंट उघडायचा कोन तंतोतंत एक नसतो, काही अंशांचा फरक पडतो. इंजिन गरम करा, व्हॅक्यूमची नळी सोडवून तिचं तोंड बंद करा, स्ट्रोब लाइटचा (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याचा) चिमटा एक नंबरच्या वायरीला लावा आणि प्रकाश पुलीवर मारा. माझ्या १८जीजी इंजिनाचा बंद अवस्थेतला आकडा १० अंश आहे, पण तो स्ट्रोबला वापरायचा नाही. इंजिन फिरत असताना वजनं आधीच थोडी उघडलेली असतात, म्हणून मॅन्युअलमध्ये स्ट्रोबचा वेगळा आकडा आरपीएमसकट दिलेला असतो. आपल्या इंजिनाच्या नंबरसमोरचा तो आकडा घ्या.

क्लॅम्प जेमतेम ढिला करून डिस्ट्रिब्युटर फिरवा. रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून अंग घड्याळाच्या दिशेने फिरवलं की टायमिंग पुढे जातं. २५डी४ ला व्हॅक्यूमच्या डब्यापाशी एक खाचांची छोटी चकती असते, शेवटचा अर्धा-एक अंश तिने साधायचा. ४५डी४ मध्ये ही सोय काढून टाकली. का काढली देव जाणे. स्ट्रोब बघताना ओढणी, बाह्या, केस सगळं बांधून ठेवा. त्या प्रकाशात पंखा थांबलेला दिसतो, थांबलेला नसतो.

मग रस्त्यावर न्या. चौथ्या गियरमध्ये चढावर पाय दाबला आणि इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर टायमिंग जास्त पुढे आहे. एखादा अंश मागे घ्या. आवाज नाही पण गाडी मरगळलेली वाटते तर उलट. शंभरेक मैलांनंतर क्लॅम्प आणि टायमिंग एकदा पुन्हा बघा. इंग्लंडात असाल तर विमा कंपनीला बदल कळवून ठेवा. माझा हप्ता वाढला नाही.

पॉइंट गेले तरी तेलपाणी चुकत नाही. वर्षातून एकदा रोटर काढून स्पिंडलच्या डोक्यावर इंजिन ऑइलचे दोन थेंब टाका. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडवा.

आणि तो रस्त्यात बंद पडायचा प्रश्न. काढून ठेवलेले पॉइंट आणि कंडेन्सर, ०.०१५ इंचाची फिलर पट्टी, जादा रोटर, दोन जादा स्क्रू, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतला एक छापील फोटो, असं सगळं एका बिस्किटाच्या डब्यात घालून मी स्पेअर चाकाजवळ ठेवलं आहे. टेप गुंडाळून ठेवलेली पांढरी-काळी वायर यासाठीच. अंगणात घड्याळ लावून एकदा सराव केला, अठरा मिनिटं लागली. डब्यात पॉलिश पेपरचा एक कपटाही आहे, आणि मुलीला टॉर्च कुठे धरायचा ते आता माहीत आहे.